उजवी टाच

परत आलेलं खोकं दारातच ठेवून मी दादाला म्हटलं, "घे, आणखी एक भामटा." माप बसत नाही हे ज्याला परतीच्या शेवटच्या दिवशीच कळतं, त्याला माझ्याकडे दुसरा शब्द नाही.

दादा माझा थोरला भाऊ. हातानं बूट बनवतो. बाजारातलं त्याचं दुकान भाड्यापायी गेलं, तेव्हापासून मागच्या खोलीत तो शिवतो आणि मी मोबाइलवर विकते. ज्या साइटवर विकतो तिचा खाक्या असा, की गिऱ्हाईक म्हणेल ते खरं, पैसे त्याला परत, आणि तीन तक्रारी झाल्या की दुकान कायमचं बंद. आमच्या दोन झाल्या होत्या. एका बाईनं लग्नात मिरवून झाल्यावर तळ साबणानं घासून बूट परत केले आणि म्हणाली, रंग वेगळा आला. दुसऱ्यानं खोक्यात स्वतःच्या फाटक्या चपला भरून पाठवल्या आणि म्हणाला, हेच आलं. चोराच्या उलट्या बोंबा! माप न बसणं साइट तक्रारीत धरत नाही, एवढंच आमचं नशीब.

दादानं बूट उलटे केले. रग्गड वापरलेले होते. मी फोटो काढायला मोबाइल आणला, तर हा खिडकीशी उजेडात तळ निरखत बसलेला.

"उजव्याचा पंजा पार झिजलाय आणि टाच कोरी," तो म्हणाला. "उजवा पाय आखूड आहे गं त्याचा. चवड्यावर चालतो बिचारा."

"बिचारा? अरे, फुकटात घालून पैसे परत घेतलेत त्यानं!"

"घेतले खरे. पण बसत नाहीत म्हणाला, ते काही खोटं नाही."

दादाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी तणतणत आत गेले.

चार दिवसांनी बूट फळीवर दिसेनात. विचारलं तर म्हणाला, पाठवले. उजव्या टाचेखाली चामड्याचे थर चढवून, आत मऊ गादी बसवून, खोक्यावरचा पत्ता बघून तो स्वतः कुरियरवाल्याकडे देऊन आला होता. पदरमोड करून, मला न विचारता.

"आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतलास," मी ओरडले. "साइटला कळलं म्हणजे?"

"कोण सांगणार? ज्याला बूट मिळाले तो?" दादा हसला. मलाही वाटलं, इतका नीच कोण असणार?

तो होता. थोड्याच दिवसांत तक्रार आली. वापरलेले बूट पाठवले, एका बुटाची टाच उंच, माल सदोष, भरपाई हवी. सोबत बुटांच्या तळाचा फोटो.

मी साइटच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या मुलीनं विचारलं, "बूट वापरलेले होते का?"

"होते, पण त्यानंच वापरलेले. त्याच्या पायासाठी माझ्या भावानं मुद्दाम..."

"मॅडम, हो की नाही, एवढंच सांगा."

"हो."

संध्याकाळपर्यंत आमचं दुकान साइटवरून उडालं होतं. त्याला भरपाई मिळाली. बूटही त्याच्याकडेच राहिले. सदोष माल परत मागवत नाहीत म्हणे.

"बघ तुझा बिचारा," म्हणत मी तो फोटो दादाच्या नाकासमोर धरला. त्यानं तो बोटानं मोठा केला, डोळ्यांजवळ नेला.

"टाच झिजलीय," तो म्हणाला. "टेकतेय बघ. नीट चालतोय आता!"

बाजारातलं दुकान गेल्यापासून त्याचा इतका खुललेला चेहरा मी पाहिला नव्हता. त्याच क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टाच झिजली म्हणजे दादानं दुरुस्त केलेले बूटही त्यानं घालून वापरले, मगच तक्रार केली. आयता पुरावा! घाईघाईनं मी सगळं लिहून काढलं, फोटो जोडला, पाठवलं. लगेच उत्तर आलं, तक्रारीवर दाद मागायची सोय फक्त चालू दुकानांसाठी आहे.

मी रडले. रागानं रडले. त्या माणसाचा राग आला, आणि त्याहून जास्त दादाचा.

साच्यावर दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचा अर्धवट बूट चढवलेला होता. ती ऑर्डरही दुकानाबरोबर रद्द झाली होती. दादानं सवयीनं तो मांडीवर घेतला, एक टाका घातला आणि थांबला.

"हा आता कुणाचा गं?" त्यानं विचारलं.

मग तो घातलेले टाके उसवायला लागला.