तीन महिने गप्प

"अगं, रंग ओघळतोय कपाळावर! लक्ष कुठंय तुझं?" खुर्चीतल्या मास्तरीणबाई ओरडल्या.

पार्लरवाली भानावर आली. मोबाइल अजून कानाशीच होता. पलीकडे भाऊजी हसत-रडत सांगत होते, "तुझ्या ताईला मुलगी झाली! दोघी सुखरूप आहेत."

"कोणाचा फोन?" बाकावर बसलेल्या दोघींनी एकदमच विचारलं.

तिच्या पोटात बातमी राहत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. लोक तिला 'रेडिओ' म्हणत ते काही उगाच नाही. सकाळचा चहा, नवी चप्पल, नवऱ्याचं घोरणं, सगळं ती मोबाइलवरून जगाला दाखवायची. तीन वर्षांपूर्वी ताईला दिवस गेले, तेव्हाही तिने संध्याकाळच्या आत दोघींचा फोटो टाकला होता: 'मी मावशी होणार!' महिनाभरात सगळं संपलं. शुभेच्छा मात्र येतच राहिल्या, आणि ताईला अंथरुणात पडून एकेकाला खरं काय ते सांगत बसावं लागलं. ताई भांडली नाही. फक्त हिला काही सांगेनाशी झाली.

या खेपेला सहाव्या महिन्यात ताई केस कापायला आली. अंगावर कापड बांधताना हिचा हात पोटाला लागला आणि थबकला. ताईने आरशातून पाहिलं. "कळलं ना? आता तुझ्यावर आहे."

तीन महिने तिने ओठ शिवल्यासारखे काढले. जीव नुसता कासावीस व्हायचा. स्वतः विणलेल्या इवल्याशा मोज्यांचा फोटो टाकायला दोनदा बोट उचललं, आणि दोन्ही वेळा तिने तो पुसून टाकला.

"सांग ना गं, कोणाचा?"

"घरचाच," ती म्हणाली. मास्तरीणबाईंचं कपाळ पुसलं, उरलेला रंग नीट लावला, वेळ झाल्यावर केस धुऊन दिले. बाकावरच्या दोघींना उद्या यायला सांगून तिने शटर ओढलं आणि तडक दवाखाना गाठला.

ताईने पडल्या पडल्याच विचारलं, "किती जणांना कळलं?"

"माझ्याकडून? कुणालाच नाही."

"खरंच?"

"तुझी शपथ!"

ताईला हसू फुटलं. टाके दुखले, तरी आवरेना. "लबाड! जमलं की गं तुला!" मग सरकून पलंगावर जागा करत ती म्हणाली, "हात धुऊन ये. घे हिला."

"फोटो काढू?" भाऊजींनी विचारलं.

"नको, झोपलीय," बाळाला कुशीत घेतलेली मावशी पुटपुटली. हात अवघडला, तरी ती तशीच बसून राहिली, भाचीच्या ओलसर जावळात भांग कुठे पडेल ते निरखत.