कारणाचा रकाना

कंपनीत साडेचारशे माणसं, आणि त्या साडेचारशेंच्या खोकल्यापासून मूळव्याधीपर्यंत सगळ्याची खबर एकाच माणसाला. लोक त्यांना वैद्यबुवा म्हणत. नाडी वगैरे ते काही बघत नसत. आरोग्य विम्याच्या टेबलावर बसून बिलं तपासायची, कारणाचा रकाना वाचायचा आणि शिक्का मारायचा, एवढंच काम. पण अकरा वर्षं रकाने वाचून त्यांची खात्री पटली होती, की माणूस म्हणजे एक बिल आणि त्याचं कारण. बाकी सगळा पाल्हाळ.

अशा माणसाच्या घरात एक कारण त्याला न सांगता राहत होतं, म्हणजे बघा.

बायको दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची. मेणात दात बसवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तीन महिने होत आले, तिने धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं होतं, "दर गुरुवारी संध्याकाळी मी समुपदेशक बाईंकडे जाणार आहे. पैसे माझे मी देईन." आणि दिले. आठवड्याला दोन जास्तीच्या कवळ्या अंगावर घेऊन, त्यांच्या कमाईतून रोख.

वैद्यबुवांना तिच्या जाण्याचं काही नव्हतं, येण्याचं होतं. ती यायची ती चेहरा लख्ख घेऊन, चपला काढताना काहीतरी आठवून हसत. पन्नास मिनिटं ती तिथे बोलायची. घरातलं दोघांचं दिवसभराचं बोलणं त्यांनी एकदा घड्याळ लावून मोजलं, तर नऊ मिनिटं भरलं, आणि त्यातली तीन 'किल्ली कुठे ठेवलीस' यातच गेलेली. शिवाय ती बाई ऐकण्याचे पैसे घेत होती. फुकट ऐकणारा माणूस घरात हजर असताना.

"काय बोलता गं एवढं?"

"असंच."

"असंच बोलायला कुणी पैसे देतं का?"

"मी देते की."

मग त्यांनी आपल्या धंद्याची वाट धरली. "आपला विमा काय लोणच्यासारखा मुरवत ठेवायचाय?"

"बाई विम्याशी व्यवहार ठेवत नाहीत. पैसे आपण द्यायचे, नंतर हवं तर कंपनीकडे आपणच मागायचे."

"तेच म्हणतोय मी. साठ टक्के परत येतात. तू फक्त तपशिलाचं बिल माग."

"तपशिलात काय असतं?"

"काही नाही. तारीख, रक्कम," वैद्यबुवा म्हणाले, आणि खिडकीबाहेर बघत पुढे म्हणाले, "कारण."

"नको," ती म्हणाली, आणि त्या दिवशीच्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली.

पण बिल नव्वद दिवसांत सादर केलं नाही तर बाद होतं, आणि पहिल्या बिलाचा नव्वदावा दिवस बुधवारी येत होता. वैद्यबुवांनी आठवडाभर त्या बुधवारचा धोशा लावला. तिचीही बोटं आता मेणाच्या कामाने आखडायला लागली होती.

"पण ते तुमच्याच टेबलावरून जाईल ना?"

इथे त्यांना खरं बोलावं लागलं. "घरच्या माणसाचं बिल आपण तपासायचं नाही असा नियम आहे. ते शेजारच्या टेबलावर जातं. साळुंकीकडे."

साळुंकी म्हणजे त्यांची सहकारी. तिची चोच दिवसभरात फक्त पाणी पिताना गप्प असे.

बायकोने जरा विचार केला. "मग देते. तिला कळलं तर चालेल."

"तिला कळलेलं चालेल?"

"ती कुठे मला ओळखते?"

वैद्यबुवांचा घास तोंडातच फिरत राहिला. तरी घर ते ऑफिस हा चाळीस मिनिटांचा रस्ता बिल त्यांच्याच हातात असणार होतं, आणि त्यावर त्यांची सगळी भिस्त होती. बुधवारी सकाळी तिने पाकीट हातात ठेवलं ते डिंकाने चिकटवलेलं, आणि जोडावर आडवी सही केलेली.

"लॅबमध्ये आम्ही डब्या अशाच बंद करतो," ती साळसूदपणे म्हणाली.

बसमध्ये त्यांनी पाकीट उजेडाकडे धरून पाहिलं. कागद जाड होता. ऑफिसात पोचल्यावर चहाच्या खोलीत उकळत्या किटलीसमोर ते पाकीट घेऊन बराच वेळ उभे राहिले. वाफेने डिंक सुटला असता. पण सही फिस्कटली असती, आणि दुसऱ्यांची खाडाखोड पकडण्यात जन्म गेलेल्या माणसाला आपली खाडाखोड कशी दिसेल हे नेमकं माहीत होतं. त्यांनी पाकीट साळुंकीच्या टेबलावर ठेवलं.

"वहिनींचं? काय होतंय त्यांना?" साळुंकीने कागद कापायची सुरी उचलली. "अय्या, वर सही केलीय. तुमच्यावर भरवसा नाही वाटतं वहिनींचा."

सुरी कोपऱ्यात शिरली. वैद्यबुवांना पुढचं स्वच्छ दिसलं. आता अर्ध्या मिनिटात हिला कळणार. आणि मग निवृत्त होईपर्यंत ही दोन हातांवर बसून आपल्याकडे बघणार; हिला ठाऊक असणार, आपल्याला नाही.

त्यांनी पाकीट ओढून घेतलं. "राहू दे. मागे घेतोय."

"अहो, आज बाद होईल ते."

"होऊ दे."

"साठ टक्के सोडताय? तुम्ही?" साळुंकीची चोच पाण्याशिवाय मिटली.

संध्याकाळी त्यांनी पाकीट बायकोपुढे ठेवलं. तिने कोपऱ्यावरची बोटभर चीर पाहिली.

"हे कुणी केलं?"

"साळुंकीने. पुढे मी जाऊ दिलं नाही. तुझं काय चाललंय ते तिला माझ्याआधी कळावं, हे नाही बघवलं मला."

तिने सही निरखली. सही शाबूत होती. "आणि तुम्ही?"

"किटलीपर्यंत गेलो होतो."

ती हसली, खळखळून. वैद्यबुवांनी हिशेब केला: इतकं हसू या घरात बऱ्याच दिवसांत जमा झालं नव्हतं.

"त्या जास्तीच्या कवळ्या बंद कर," ते म्हणाले. "उद्याच्या गुरुवारपासून निम्मे पैसे मी देतो."

"निम्मे दिले म्हणून निम्मं ऐकायला मिळणार नाही हं."

"मी कुठे तसं म्हटलं?" म्हटलं नव्हतं, पण मनात पंचवीस मिनिटं मांडून झाली होती, ती त्यांनी मुकाट्याने खोडली. मग न राहवून विचारलं, "माझं नाव तरी निघतं का तिथे?"

"निघतं की, मधून मधून."

"आणि उरलेला वेळ कुणाचं?"