मास्तर पिवळे होत नाहीत

पडद्यावरचा तो एक निळा चौकोन पिवळा झाला असता, तर मॅडमचं भलं होणार होतं. व्यायामवर्गाच्या नव्या शाखेची किल्ली हातात येणार होती, किल्लीबरोबर दारावर 'मुख्य प्रशिक्षक' अशी पाटी, आणि पाटीबरोबर सासूबाईंच्या तोंडचं 'आमची सून उड्या मारायला जाते' हे वाक्य कायमचं बंद होणार होतं. एवढा सगळा लाभ एका चौकोनाशी येऊन अडला होता, आणि तो चौकोन होता मास्तरांचा.

"मास्तर, गुडघे वर! कपडे मापाने शिवता, मग गुडघे काय अंदाजाने उचलता?"

हॉल हसला. मागच्या भिंतीशी खुर्च्या टाकून मालक आणि नव्या जागेतले त्यांचे भागीदार बसले होते, तेही हसले. मॅडमच्या जिवात जीव आला. हसणारा भागीदार म्हणजे अर्धा पटलेला भागीदार, हा हिशेब तिने केव्हाच करून ठेवला होता.

पडदा ही मालकांची हौस. वर्गातल्या प्रत्येकाने छातीला एक पट्टा बांधायचा, पट्टा काळजाचे ठोके मोजायचा, आणि समोरच्या पडद्यावर प्रत्येकाच्या नावाचा चौकोन रंग बदलायचा. निळा म्हणजे काळीज आरामात आहे. पिवळा म्हणजे कामाला लागलंय. लाल म्हणजे आता पुरे. कुणाचा रंग कुठे बदलायचा ते वयावर ठरायचं: दोनशे वीसमधून वय वजा करा आणि उरलं त्याचा ठरावीक हिस्सा धरा. मालकांना यातलं गणित कळत नसे, पण रंग कळत. सगळा वर्ग एकदम पिवळा झालेला भागीदारांनी बघावा, म्हणजे नव्या जागेतही पडदा लागेल, असा त्यांचा बेत होता. मॅडमला त्यांनी आदल्या दिवशी बाजूला घेऊन सांगितलं होतं, "एकही निळा राहायला नको. बाकी तुमचं मी बघतो."

आता ज्येष्ठांच्या वर्गात कुणाला पिवळं करायला फारसे कष्ट पडत नाहीत. दोन गाणी झाली की निम्मे पिवळे. निवृत्त पोस्टमास्तरीण तर पट्टा बांधतानाच पिवळी व्हायची. राहायचे ते एकटे मास्तर.

मास्तर म्हणजे हॉलच्या खालच्या दुकानातले शिंपी. माणूस काटकुळा, पण जिभेला धार कात्रीची. वर्गात मॅडमला उलट उत्तर देण्याची परवानगी फक्त त्यांना, कारण त्यांच्या उत्तरांनी वर्ग भरलेला राहायचा. "मास्तर, पिवळे व्हा!" मॅडम म्हणायची. "पिवळा व्हायला मला काय कावीळ झालीय?" मास्तर म्हणायचे. यावर रोज हशा. रोज तोच विनोद आणि रोज तोच हशा. पण रोज निळं राहणं माणसाला किती दिवस सोसणार? हळूहळू लोक त्यांना 'निळे मास्तर' म्हणू लागले, आणि पोस्टमास्तरीण म्हणाली, "अहो, दुकानात बसून बसून यांचं काळीजसुद्धा बैठं झालंय." हसताना मास्तरांचा चेहरा जरासा उतरायचा. ते कुणी बघितलं नाही, असं म्हणता येणार नाही. मॅडमने बघितलं होतं. उतरलेला चेहरा दुसऱ्या दिवशी जास्त जोर लावतो, हेही तिला ठाऊक होतं.

एकदा वर्ग सुटल्यावर ते मागे रेंगाळले. "मॅडम, मी खरंच अंगचोरपणा करत नाही हो. घरी जाऊन पाय लटपटतात माझे."

"पट्टा खोटं बोलत नाही, मास्तर," मॅडम वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली. यंत्रापुढे माणसाने किती बोलायचं?

तर त्या दिवशी भागीदारांसमोर शेवटचं गाणं लागलं तेव्हा बाकी सगळा पडदा हळदीसारखा पिवळा झाला होता आणि मास्तरांचा चौकोन मधोमध निळा. नवीन भिंतीवर ओलीचा डाग दिसावा तसा. भागीदारांपैकी एकाने बोटाने दाखवून मालकांना काहीतरी विचारलं. मालकांनी मॅडमकडे बघितलं.

मॅडम चढउताराच्या व्यायामाची लाकडी पायरी उचलून मास्तरांच्या पुढ्यात घेऊन आली. "मास्तर, आज माझी लाज तुमच्या हातात. चढा, उतरा. चढा! जोरात!"

मास्तर चढले, उतरले. पुन्हा चढले. बनियन पाठीला चिकटलं होतं, ओठ पांढुरके झाले होते.

"काय मास्तर, आज कावीळ नाही?"

मास्तर काही बोलले नाहीत.

"रुसले वाटतं! बघा हं, मास्तर रुसले!"

वर्ग हसला. मास्तर चढत राहिले, उतरत राहिले. इतके दिवस ज्या माणसाने एक शब्द उधार ठेवला नव्हता, तो गप्प होता आणि हॉलभर कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. गाण्याचा शेवटचा तुकडा वाजायला लागला आणि तेवढ्यात तो चौकोन एकदा लुकलुकला आणि पिवळा झाला. मॅडमने आनंदाने हात वर केला, खटकन गाणं बंद केलं आणि ओरडली, "सगळे थांबा! पडद्याकडे बघा!"

सगळे जागच्या जागी उभे राहिले. मालक उठून टाळ्या वाजवू लागले. भागीदारांनीही वाजवल्या. टाळ्यांच्या भर आवाजात मास्तर पायरीजवळ उभ्या उभ्या डोलले आणि कापडाचा तागा कलंडावा तसे आडवे झाले. उजवा हात अंगाखाली, पायरीच्या कडेवर.

*

दवाखान्यात मास्तरांच्या बायकोने, वर्गात सगळे त्यांना काकू म्हणत, पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढून डॉक्टरीणबाईंना दाखवली. त्यांनी पट्टी उलटसुलट केली.

"ही गोळी ठोक्यांना लगाम घालते. माणूस कितीही धावला तरी ठोके वाढू देत नाही. यांचे ठोके बघून व्यायाम कुणी दिला?" मग काकूंचा चेहरा बघून आवाज खाली आणला. "शुद्ध आलीय. काळजाला धक्का नाही. एकदम थांबले, रक्त सगळं पायांत उतरलं, डोक्याला कमी पडलं आणि पडले. हाताचं मात्र बघावं लागेल. मनगट आणि अंगठा, दोन्ही."

मॅडम भिंतीला टेकून उभी होती. हे सगळं तिला नवीन असतं तर बरं झालं असतं. ज्याला ठाऊक नाही त्याला माफी असते. प्रशिक्षणाच्या वेळी शिकवायला एक वृद्ध डॉक्टर होते, त्यांनी हेच सांगितलं होतं. अशी गोळी घेणाऱ्याचा आकडा बघू नका, त्याच्याशी बोला. पूर्ण वाक्य बोलता आलं तर ठीक. तुटक बोलला तर वेग कमी करा. गप्प झाला तर समजा, तुम्हाला उशीर झालाय. आणि गाणं संपलं तरी पाय चालते ठेवा, पायातलं रक्त वर ढकलायला पायाचेच स्नायू लागतात. परीक्षेला हा प्रश्न आला होता. मॅडमचं उत्तर इतकं चांगलं होतं की डॉक्टरांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. तिने ते प्रमाणपत्र चौकटीत घालून सासूबाईंच्या खोलीसमोर मुद्दाम लावलं होतं.

आणि मास्तरांनी सांगितलं नव्हतं, असंही नाही. पहिल्याच दिवशी ती त्यांना पट्टा बांधत होती, मागे लोक खोळंबले होते, तेव्हा ते म्हणाले होते, "मॅडम, मला डॉक्टरांनी छाती धडधडू नये म्हणून एक गोळी दिलीय. तुमच्या पट्ट्याला चालेल ना?" तिने पट्ट्याची कडी लावता लावता उत्तर दिलं होतं, "गोळी कुणाला नाही, मास्तर? आधी रांगेत उभे राहा." लोक हसले होते. मास्तरही हसले होते. त्यांनी विषय तिथेच सोडला, कारण जाणत्या माणसाच्या कानावर घातलं की आपलं काम झालं, असा त्यांचा समज.

मालक दवाखान्याच्या दारातून आत आले ते थेट तिच्याकडे. आवाज हळू, पण काकूंना ऐकू जाईल एवढा. "त्यांनी गोळीचं सांगितलं नव्हतं ना तुम्हाला?"

या प्रश्नात उत्तर आधीच शिवून ठेवलं होतं. मॅडमला फक्त ते अंगात चढवायचं होतं. काकू बघत होत्या.

"नाही," मॅडम म्हणाली.

"मग झालं तर!" मालक मोकळे झाले. "लोक सांगत नाहीत आणि मग आपल्या नावाने खडे फोडतात."

खाटेभोवतीचा कापडी पडदा बाजूला सारलेला होता. पलीकडच्या खाटेवर मास्तर डोळे उघडे ठेवून पडले होते. त्यांनी मॅडमकडे बघितलं, मग छताकडे.

"हो का हो?" काकू खाटेशी गेल्या. "सांगितलं नाहीत तुम्ही?"

मास्तरांची नजर छतावरच होती. "राहून गेलं," ते म्हणाले.

*

नव्या शाखेत पाटी लागली, पडदाही लागला. तिथे मॅडम पहिल्या दिवशी प्रत्येकाला बाजूला खुर्चीवर बसवते, गोळ्यांची नावं विचारते, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत दुसरीकडे बघत नाही. गाणं संपल्यावर लोकांना जागच्या जागी चालवत ठेवते, इतका वेळ की लोक कंटाळतात. मालक म्हणतात, बाई फार बारकाईने काम करते. सासूबाई शेजारणीला म्हणतात, आमची सून शिकवायला जाते. मॅडमला ते ऐकू येतं आणि ती स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडते.

मास्तरांकडे जायला तिला बरेच दिवस लागले. रोज निघायची आणि रोज काही ना काही काम निघायचं. गेली तेव्हा दुकान बंद होतं. मागच्या जिन्याने वर त्यांच्या बिऱ्हाडी गेली. काकूंनी दार उघडलं, खुर्ची पुसली.

"या या. बघा तुमच्या शिष्याचे हाल."

मास्तर खिडकीशी बसले होते. प्लास्टर निघालं होतं, पण अंगठा तसाच ताठ, परक्या माणसाचा वाटावा असा. कात्री धरवत नाही, सुईचं तर नावच नको. शिलाई मशीन ओळखीच्या एका मुलीला देऊन टाकलं होतं.

"कसे आहात, मास्तर?"

"निळा," मास्तर म्हणाले. मग तिचा चेहरा बघून घाईने म्हणाले, "चेष्टा केली हो."

त्यांना कुठेतरी बाहेर जायचं होतं. काकू त्यांच्यासमोर उभ्या राहून सदऱ्याची बटणं लावू लागल्या. हात चालू आणि तोंडही चालू. "आयुष्यभर लोकांच्या कपड्यांना बटणं लावली, आता स्वतःचं लावता येत नाही. आणि कशापायी? एक वाक्य बोलायचं होतं तेवढं! मॅडम, मला गोळी आहे. झालं. तोंड शिवलं होतं का तुमचं? बाकी दिवसभर टकळी चालू असते." मग मॅडमकडे वळून मवाळपणे म्हणाल्या, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका, बाई. तुमचा काय दोष यात? यांना पहिल्यापासून हीच खोड."

मॅडमने तोंड उघडलं. वाक्य तयार होतं, येताना जिन्यात तीनदा म्हणून बघितलं होतं. तिने मास्तरांकडे बघितलं. मास्तर हनुवटी वर करून गळ्याचं बटण लावून घेत होते आणि छताकडे बघत होते.

"काकू, मी..." ती म्हणाली.

"चहा घेतल्याशिवाय सोडणार नाही," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या.

खोलीत दोघंच उरली. मॅडमने मान खाली घातली. तिला मास्तरांच्या सदऱ्याचा खालचा भाग दिसला. काकूंनी घाईत बटण एका घराने चुकवलं होतं, एक बाजू वर, एक खाली. मास्तरांच्याही ते लक्षात आलं असावं. शिंप्याच्या नजरेतून असं सुटत नाही. पण त्यांनी काकूंना हाक मारली नाही, आणि मॅडमलाही काही सांगितलं नाही. दोघं चहाची वाट बघत बसून राहिली.

शाखा मॅडमला मिळाली, पडदा मालकांना. अंगठा मास्तरांचा गेला. चूकही त्यांच्याच नावावर राहिली, आणि त्या चुकीबद्दल काकूंचे बोल अजून रोज सकाळी, एकेका बटणागणिक, मास्तरच ऐकून घेतात.