स्टिकरवरचा नंबर

सकाळी अकराच्या सुमाराला आमची सगळी मशिनं एकदम थांबली. मोज्यांच्या कारखान्यात एवढी शांतता आम्ही कधी ऐकली नव्हती. प्रत्येक पडद्यावर एकच ओळ होती: परवाना रद्द, कंपनीशी संपर्क साधा.

तो संपर्क आधीच कुणी साधला होता, हे मला एकटीला माहीत होतं.

मालक कारखाना टाकून पळाला, तेव्हा आम्ही बारा जणांनी तो चालवायला घेतला. अकरा मशिनं आमची झाली, पण त्यांच्यातला प्रोग्रॅम कंपनीचाच राहिला. दर महिन्याला कंपनीने मान डोलावली तरच सुई हलायची. वहिनी आमची मशीन-दुरुस्तीवाली. मोठ्या भावाची बायको, पण भावापेक्षा तिचा स्क्रूड्रायव्हर मला जास्त भरवशाचा वाटतो. ज्यांचं तोंडही पाहिलं नाही अशा लोकांनी लिहून इंटरनेटवर ठेवलेले तुकडे जोडून तिने सहा महिन्यांत वेगळा प्रोग्रॅम उभा केला. त्या लोकांची अट एकच: वापरा, सुधारा, पुढच्याला द्या.

काल तिने तो चार नंबरच्या, म्हणजे माझ्या मशीनवर जुना न पुसता लावून पाहिला आणि मशीन अडकलं. वहिनी तार आणायला बाजारात गेली आणि माझं धाबं दणाणलं. आमची वीस वर्षांची सवय अशी, की मशीन अडलं की आधी त्याच्यावरच्या स्टिकरवरचा कंपनीचा नंबर फिरवायचा. मी फिरवला. पलीकडची मुलगी गोड बोलली आणि मी पोपटासारखी सगळं सांगून बसले.

बाराच्या आत कंपनीचा माणूस आला. टाय इतका घट्ट, की त्याच्याकडे बघून मलाच गुदमरायला झालं. त्याने टेबलावर कागद ठेवला.

"सही करा, एका मिनिटात सगळी मशिनं चालू. परवाना कायमचा, फुकट. फक्त तुमचा तो प्रोग्रॅम आमच्याकडे द्यायचा आणि दुसऱ्या कुणालाही नाही."

दुसरं कुणी म्हणजे नदीपलीकडच्या टॉवेलवाल्या. त्यांनीही आमच्यासारखाच बंद पडलेला कारखाना हातात घेतला होता आणि नऊ दिवसांपासून त्यांचीही मशिनं याच कंपनीने बंद पाडून ठेवली होती.

"मशीन आमचं," वहिनी म्हणाली, "मग त्याचं डोकं तेवढं तुमचं कसं?"

"डोकं आम्हीच बनवलंय, बाई."

"हात आमचे कुणी बनवले, तेही सांगा!"

दोघी-तिघी हसल्या, पण घशातल्या घशात. पाच वाजता शाळांच्या मोज्यांची गाडी निघणार होती. ती रिकामी गेली तर भाड्याचे पैसे येणार नव्हते, जागेची मुदत वाढणार नव्हती आणि कारखाना संपला असता. मला तर सही हवीच होती. खोटं कशाला बोलू?

आमची मत द्यायची पद्धत साधी आहे. आवाजात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, म्हणून ज्याला एखादी गोष्ट नको त्याने आपलं मशीन बंद करायचं. आज सगळीच बंद. कोण काय म्हणतंय ते कळणार कसं?

"थांबा," वहिनी म्हणाली. "कालची चूक सापडलीये. चार नंबरचा जुना प्रोग्रॅम पुसते आणि आपला घालते. मध्ये वीज गेली तर मशीन भंगारात. वन्सं, तुमचं मशीन आहे. घालू?"

कालच्या फोनची लाज होती म्हणून मी मान डोलावली.

पडद्यावर आकडे सरकू लागले. बारा. एकोणतीस. एकसष्टला वरचा दिवा लुकलुकला आणि वहिनीने माझं मनगट एवढं आवळलं की बांगडी रुतली. शंभर. सुया हलल्या, मोज्याची कड उतरू लागली. पूर्ण कारखान्यात एवढाच आवाज होता.

"आता मत उलटं घेऊ," वहिनी सगळ्यांना म्हणाली. "ज्याला हा कागद हवा, त्याने येऊन हे मशीन बंद करावं."

कुणी हललं नाही. टायवाला माझ्याकडे वळला.

"ताई, एका मशीनवर पाचपर्यंत काय होणार? तुम्ही तर समजूतदार आहात. काल तुम्हीच फोन करून सांगितलंत ना?"

अकरा माणसं माझ्याकडे बघत होती. वहिनीने माझं मनगट सोडलं.

"हो, मीच," मी म्हणाले. "घाबरले होते. अजूनही घाबरलेय."

मी चार नंबरपाशी गेले. बटण बोटाखाली होतं. ते दाबलं असतं तर सगळं पुन्हा चालू झालं असतं, आणि पुन्हा कुणी मान वर केली की असंच बंद झालं असतं. कुणीतरी घाबरून फोन करायची खोटी. बटणाशेजारी ते स्टिकर होतं. मी नखाने त्याचा कोपरा उचलला आणि फाडून काढलं. वीस वर्षांचा डिंक, पटकन निघाला नाही.

"वहिनी, टॉवेलवाल्यांचा नंबर सांग."

तिने सांगितला. फिरवताना दोनदा चुकला. तिसऱ्यांदा लागला.

"आमचं मशीन चालू झालंय," मी म्हणाले. "प्रोग्रॅम घ्यायला या. आणि ज्यांना स्क्रूड्रायव्हर धरता येतो त्या सगळ्या या, इथे अजून दहा मशिनं उरलीत. पाचला गाडी आहे."

पलीकडून कुणीतरी विचारलं, नक्की काय काय करावं लागतं? मी वहिनीकडे पाहिलं. तिचे डोळे अजून रागाने लाल होते.

"बघताय काय, वन्सं?" ती म्हणाली. "काल त्यांना सांगितलंत तसं आज यांनाही सांगा. सगळं."