सकीनाचं ‘कीप’

“कीप ऑन, सकीना,” एवढंच म्हणून डॉक्टरीणबाई पडद्याआड धावल्या. आत लंकाबाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. बाहेर सकीनाच्या हातात लंकाबाईची सातव्याच महिन्यात जन्मलेली मुलगी होती. ओंजळीत मावेल एवढी, निळसर. आत्तापर्यंत बाई तिची पाठ टॉवेलनं चोळत होत्या.

नाशकातल्या त्या मिशन दवाखान्यात सकीना बारा वर्षं आया होती. दोन लेकरं पाळण्यातच गेली, मग विणकर नवराही गेला, तेव्हापासून. इंग्रजी तिला येत नव्हतं, पण बाईंचे काही शब्द तिनं कानानं धरले होते. त्यांत ‘कीप’ सारखा यायचा. खिडकी उघडी ठेव, त्यात कीप. बायकांना गप्प ठेव, त्यातही कीप. एकदा ऐन मे महिन्यात भांडं हुंगून, हे दूध टिकायचं नाही असं बाई म्हणाल्या, त्यातही तोच. म्हणजे ठेवणं, एवढं तिनं पक्कं केलं होतं. आणि ऑन म्हणजे वर.

वर ठेव. पण कशावर?

पौषातली सकाळ होती. टेबलावरची फरशी हाताला चटका बसावा अशी गार, खाटेची चादरही तशीच. अशा जागी बाई लेकरू ठेवायला सांगणार नाहीत, असं तिला वाटलं. तिनं कुडत्याची बटणं सोडली, मुलीला उघड्या छातीवर ठेवलं, वरून घोंगडी ओढली आणि भिंतीला टेकून बसली.

मुलगी माशासारखी गार लागत होती. तिचा श्वास मध्येच अडे, तसा सकीनाचाही अडे. किती वेळ गेला कोण जाणे. मग छातीवर काहीतरी हललं, आणि घोंगडीतून मांजराच्या पिलासारखं बारीक रडणं आलं. सकीना हलली नाही.

बाई बाहेर आल्या. लंकाबाई वाचली होती. रिकाम्या टेबलाकडे पाहून त्या भराभर काही बोलल्या. सोबतच्या नर्स गोजराबाईंनी सांगितलं, “बाईंनी चोळत राहा म्हटलं होतं. थांबू नको, असा अर्थ.”

सकीनाचा चेहरा उतरला. “मी तर वर ठेवलं,” ती म्हणाली.

गोजराबाईंनी ते इंग्रजीत सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी घोंगडी बाजूला केली, वाकून कान लावला आणि बराच वेळ तशाच राहिल्या. उठल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, “कीप हर.”

बाई गेल्यावर सकीनानं गोजराबाईंना विचारलं, “ठेवून घे, असाही होतो का त्याचा अर्थ? कायमचं?”

“होतो,” गोजराबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे न बघता त्यांनी पुढे सांगितलं, “पण आत्ता त्या म्हणतायत, आई सावरेपर्यंत असंच राहू दे.”

ठेवणं, टिकणं, न थांबणं, आपलं करून घेणं. बाईंच्या तोंडून सहज पडणाऱ्या एवढ्याशा शब्दात हे सगळं होतं, आणि बारा वर्षं तो ऐकूनही तिला पत्ता नव्हता. तिनं खाली पाहिलं. मुलीच्या मुठी चिंचोक्याएवढ्या होत्या, आणि त्यांत सकीनाच्या कुडत्याची कड घट्ट धरलेली होती.

दूध पाजण्यापुरती मुलगी आईकडे जाई. बाकी वेळ सकीनाच्या छातीवर. वॉर्डातल्या बायका येऊन लांबूनच हात जोडत. बाविसाव्या दिवशी लंकाबाईचा नवरा वाल्मीक सायखेड्याहून बैलगाडी घेऊन आला.

“मावशी, मला लय भ्या वाटतं,” लंकाबाई म्हणाली. “मला जमंल का?”

“जमतं,” सकीना म्हणाली. “खाली मात्र ठेवू नको.”

तिनं मुलीला लंकाबाईच्या छातीशी लावलं. डोक्यावरची ओढणी काढून दोघींभोवती दोन वेढे दिले, कुशीला गाठ मारली आणि ती सैल नाही ना, ते बोट घालून पाहिलं. गाडी हलली.

त्या दुपारी सकीना उघड्या डोक्यानं मोहल्ल्यात शिरली. बायका वळून पाहत राहिल्या. ती सावकाश, ताठ मानेनं घरापर्यंत चालत गेली.