सरावातलं बुडणं

आमच्या बाबांइतकं छान बुडायला कुणालाच जमत नाही. तलावावर नवे जीवरक्षक भरती झाले की सरावासाठी बुडणारा माणूस म्हणून तेच पाण्यात उतरतात. स्वतः इथलेच जीवरक्षक, निवृत्त झाले तरी हौस फिटली नाही. "बुडणारा ओरडत नाही. ओरडायला श्वास लागतो," हे त्यांचं पालुपद मी जेवतानासुद्धा ऐकलंय. त्यांची लेक असून त्याच तलावावर नोकरी धरली, आता भोगा.

त्या सकाळी पहाऱ्याच्या खुर्चीवर मी होते. खोल पाण्यात बाबा उभेच्या उभे, मान मागे, तोंड जेमतेम पाण्याबाहेर. काठावरची नवी मंडळी हसायला लागली. "काका सुरू झाले बघा," एकजण म्हणाला. मीही वैतागले. न सांगता सराव घ्यायची त्यांना भारी खोड.

शिट्टी वाजली की नाटक थांबवून हात वर करायचा, हा त्यांचाच नियम. मी शिट्टी मारली. हात वर आला नाही. पुन्हा मारली. बाबा एक वेळ मरतील, पण नियम मोडणार नाहीत. म्हणजे हे नाटक नव्हतं. बुडणाऱ्याला धरायला द्यायचा तरंगता पट्टा खुर्चीलाच विसरून मी उडी मारली.

बुडणाऱ्याकडे मागून जायचं असतं. मी पोचेपर्यंत ते वळले आणि माझ्या गळ्याला मिठी मारली. सुटेना. अशा वेळी काय करायचं तेही त्यांनीच शिकवलेलं. धरणाऱ्याला घेऊन खाली जायचं, हवेसाठी तो आपोआप सोडतो. ऐकायला सोपं आहे हो. श्वास संपत आलेल्या आपल्या बापाला पाण्याखाली न्यायचं.

मी नेलं. त्यांचे हात सुटले. मागून काखेत हात घालून काठाशी आणलं, तिथून सगळ्यांनी वर ओढलं. आता कुणी हसत नव्हतं. कुशीवर वळवल्यावर बाबा खूप वेळ खोकत राहिले. रुग्णवाहिका बोलावली होती.

"पायात गोळा आला," ते म्हणाले. मग, "मला खाली नेलंस?"

"हो."

"हात थरथरले?"

"नाही."

"शाब्बास."

आजवर हा शब्द त्यांनी माझ्यासाठी कधी वापरला नव्हता. मला त्यांचा इतका राग आला की त्यांच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवून, सगळ्यांदेखत, मी ढसाढसा रडले.