थुंकणारा अग्नी

आर्ताशात या आमच्या राजधानीत अग्निशाळेपुढे हजारभर माणसं नाका-तोंडाला फडकी बांधून उभी होती. आपला श्वास लागून अग्नी बाटू नये म्हणून. सणाला प्रत्येक सरदार अग्नीला तीन लाकडं वाहतो. तिरित सरदाराच्या लाकडांपैकी पहिलं वेदीवर पडलं. थोड्या वेळानं जाळ चरचरला, वाफेचा लोट उठला, निखारे तडतडत बाहेर उडाले.

"अग्नी थुंकला," पुजारी आतुरफर्न म्हणाला. "या लाकडाला फितुरीची चव आहे. आपल्या शत्रूशी, रोमशी केलेली फितुरी. मी काही म्हणत नाही हो, मी नुसता दुभाषा. अग्नी बोलतो, मी सांगतो."

लोकांनी पटापट लोटांगणं घातली. राजाचा चेहरा पांढरा झाला. फितुराला शिक्षा एकच: सूर्य मावळायच्या आत मान उडवायची.

एकाही सरदारानं तिरितची बाजू घेतली नाही. का घेतील? आमच्या दरबारात मानाच्या गाद्या असतात, राजाच्या जवळून लांबपर्यंत ओळीनं मांडलेल्या. तिरितची दुसरी, गार्जुलची तिसरी. तिरित मेला की मागचा प्रत्येक जण एक गादी पुढे सरकणार. चमत्कारावर विश्वास बसायला एवढं कारण पुरतं. मी राजाच्या घोड्यांचा वैद्य. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिरितनं आपले घोडे माझ्याकडून काढून दुसऱ्या वैद्याकडे दिले होते.

पण माझं नाक उघडं होतं. तोंड बांधलेल्या माणसाला घोडा बुजतो, म्हणून मी फडकं बांधत नाही. वाऱ्यावर वास आला. मेणाचा. खुराच्या मलमासाठी रोज मेण वितळवणाऱ्याला तो ओळखता येतो.

शिपाई तिरितच्या हातांना दोर बांधायला लागले, तेव्हा मी पुढे झालो. "महाराज, यांची उरलेली दोन लाकडं फोडून बघू."

"घोडेवैद्या, तू आपली लीद बघ," गार्जुल म्हणाला.

"तीच बघतोय, सरदार. वास इकडूनच येतोय."

मागे कुणीतरी फडक्याआड फिसकन हसलं.

"पवित्र लाकडाला कुऱ्हाड लावणं पाप आहे," पुजारी म्हणाला. "अग्नी कोपेल."

"माझ्यावर कोपू दे. फोडू का, महाराज?"

राजानं मान हलवली. मी एक लाकूड वेदीपासून लांब, अंगणात नेलं आणि एकच घाव घातला. आत गिरमिटानं पाडलेलं भोक. भोकात बकऱ्याच्या आतड्याची पाण्यानं भरलेली नळी. तोंडाशी मेणाचं बूच, वर सालीचा तुकडा चिकटवलेला. दुसऱ्या लाकडातही तेच.

"वर मेण वितळतं, आत आतडं फुटतं, पाणी निखाऱ्यांवर पडतं," मी म्हणालो. "ही झाली तुमची थुंकी. लाकडं तीन दिवस कुणाच्या कोठारात होती, पुजारीबुवा? अग्नीवर पाणी घालणं हे आपल्याकडचं सगळ्यात मोठं पाप. ते तुम्ही केलंत."

पुजाऱ्यानं गार्जुलकडे बोट दाखवलं. "गार्जुल सरदारांनी सांगितलं होतं. मोठ्या देवळाची गादी देतो म्हणाले."

म्हणजे त्यालाही गादीच हवी होती.

गार्जुलनं तोंडावरचं फडकं ओढून काढलं. "पंधरा वर्षं दरबारात याच्या मागे बसतोय. पंधरा वर्षं जेवताना समोर याची मान. घास उतरत नाही माझा."

शिपायांनी दोर सोडले, तशी तिरित मनगटं चोळत त्याच्याकडे वळला. "अरे, मग मला सांगायचंस," तो म्हणाला. "जरा सरकून बसलो असतो."

राजानं दोघा गुन्हेगारांना शिपायांच्या ताब्यात दिलं. मला वाटलं, आता लोकांचे डोळे उघडले. कसले उघडताहेत! घरी जाताना गर्दीतली दोन माणसं माझ्यामागून बोलत होती, अग्निदेवानंच वैद्याच्या नाकात शिरून सत्य सांगितलं म्हणून. मी थांबलो आणि त्यांना भर रस्त्यात झापलं. तुम्हालाही तेच सांगतो.

माझ्या नाकात देव नव्हता, मेणाचा वास होता. अग्नी जाळतो. त्याला फितुरी कळत नाही, सरदार कळत नाही. चमत्कार दिसला की आधी विचारा, यात कुणाची जागा पुढे सरकते आणि कुणाची मान जाते. ते कळलं तरी लगेच कुणाला दोषी धरू नका. आधी लाकूड फोडा. माणूस एकदा तोडला की पुन्हा सांधता येत नाही. मी वैद्य आहे, मला माहीत आहे.